फक्कीची रेघ

आमच्या हेलिकॉप्टरने जन्मल्यावर सगळ्यात आधी वर्कशॉपचं दार फोडलं. उडणं फार लांब होतं. नुसतं टेबलाला शिकंज्यात आवळून पंखा फिरवून पाहत होतो. पाती लाकडाची, आम्ही हाताने तासलेली होती. वेग वाढवला तसं एक पातं बोल्ट तोडून सुटलं आणि माझ्या कानाजवळून गेलं. वळून पाहिलं तर सागवानी दाराच्या फळीत ते वीतभर घुसलेलं आणि उरलेलं बाहेर थरथरत होतं. दोन बोटं इकडे असतं तर दाराऐवजी माझं डोकं होतं.

तो बोल्ट ज्याने लावला होता त्याच्या मी थोबाडीत मारली. त्यानेही मला ढकललं, मी लोखंडाच्या कपाटावर आपटले, आणि मग आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेलो. मधे तिसरा आला म्हणून थांबलो. पातं काढायला पक्कड लागली आणि दाराचं भोक कॉलेजात अजून आहे.

आम्ही तिघं होतो. मी अनसिंगची. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून. घर बौद्ध, घरात पुस्तकं भरपूर आणि आवाजही भरपूर, कारण आमच्याकडे कोणाला हळू बोलता येत नाही. राग हा माझा जन्माचा सोबती आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. मार खाऊन गप्प बसणाऱ्या मुली मी शाळेत पाहिल्या होत्या, त्यांच्यातली एक व्हायचं नाही हे मी लहानपणीच ठरवलं होतं.

ज्याला मी मारलं तो केनवडचा. सगळे त्याला गावाच्या नावानेच ओळखायचे, म्हणून इथेही तो केनवडवाला. उंच, तापट, हाताने आधी बोलणारा. रिमोट त्याच्या हातात असायचा, कारण त्याचे अंगठे कमालीचे चपळ होते. तिसरा मळेवाला. वाशिम शहराच्या कडेला त्याच्या घरचा भाजीचा मळा, कोबी, वांगी, मेथी, कोथिंबीर, रोज पहाटे माल बाजारात. तो बोलायचा कमी आणि त्याचे हात फार चांगले होते. दोन पात्यांचं वजन सारखं नसेल तर हेलिकॉप्टर थरथरून स्वतःच स्वतःचे तुकडे करतं. मळेवाला पातं बोटाच्या कडेवर आडवं ठेवायचा, डोळे बारीक करायचा, आणि हलक्या बाजूला चिकटपट्टीचा एवढासा तुकडा लावायचा. काट्यावर तपासलं तर बरोबर निघायचं. माझा प्रोग्राम, केनवडवाल्याचे अंगठे आणि याची बोटं, एवढ्यावर आमचं सगळं चाललं होतं.

लोक विचारायचे की चार पंख्यांचं ड्रोन सोपं असतं, बाजारात तयार मिळतं, मग हे काहून? आमच्या सरांचं म्हणणं असं होतं की चार पंख्यांचं यंत्र कोणालाही उडवता येतं, ते स्वतःच सांभाळून घेतं. हेलिकॉप्टर सांभाळून घेत नाही. ते जमिनीवरून उठल्या क्षणापासून उलटायला पाहतं, आणि तुम्ही सेकंदभर चुकलात की ते उलटतं. त्याला स्वतःहून उडायला शिकवलंत तरच तुम्ही इंजिनिअर, असं ते म्हणायचे. मला हे फार आवडलं होतं. ज्याला माझ्यासारखाच राग आहे असं काहीतरी मला हवंच होतं.

दार फुटल्यावर आम्ही एक नियम केला. जिथे मशीन उडवायचं तिथे आधी फक्कीची रेघ मारायची, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी, चौकोनी. बॅटरी जोडायच्या आधी केनवडवाल्याने ‘पंखा’ असं जोरात ओरडायचं. ते ओरडणं झालं की पाती पूर्ण थांबेपर्यंत रेघेच्या आत कोणी पाय टाकायचा नाही, सर आले तरी नाही. आणि उडवायच्या आधी मशीनचं टोपण काढून आतला प्रत्येक स्क्रू कोणीतरी एकाने बघायचा आणि ‘पाह्यलं’ म्हणायचं. हे शब्द आमच्यात शपथेसारखे झाले होते. एकाने पाहिलं म्हटलं की दुसरा पुन्हा विचारत नसे.

उडवायला मोकळी जागा हवी होती. कॉलेजच्या मैदानावर क्रिकेटवाली पोरं असायची. म्हणून कोबी निघून गेल्यावर मोकळं पडलेलं मळेवाल्याचं वावर आम्ही घेतलं. पहिल्याच दिवशी मशीन हातचं सुटलं आणि शेजारच्या वांग्यांत घुसलं. पात्यांनी एक अख्खी ओळ कापत नेली. वांग्यांचे तुकडे हवेत उडत होते, केनवडवाल्याच्या शर्टावर बिया चिकटल्या होत्या. आणि मेथी कापत बसलेली मळेवाल्याची आई विळा हातात घेऊन उठली आणि आमच्या मागे लागली. नुसती ओरडत नव्हती, खरंच मागे लागली होती. आम्ही दोघं विहिरीला वळसा घालून पळालो. तिचा स्वतःचा मुलगा हसत उभा राहिला, म्हणून त्याला पाठीत दोन बसल्या.

मला ती बाई आवडली. उंचीने माझ्या खांद्याला लागायची, पण बाजारात व्यापाऱ्याने कोबी दाबून पाहिला तर त्याचा हात झटकून टाकणारी. मी तिला काकू म्हणायचे. ती मला पोरी म्हणायची, आणि आम्ही दोघी एकाच मातीच्या आहोत हे तिलाही कळलं असावं, कारण संध्याकाळी निघताना ती पालक माझ्या पिशवीत कोंबायची आणि वर दम द्यायची की वांग्यांना हात लावला तर तंगडं तोडीन.

मळ्यात आम्हा तिघांचं भांडण एकाच गोष्टीवरून झालं. केनवडवाला एकदा उड्डाणाआधी नारळ घेऊन आला. फोडला, आणि त्याचं पाणी चार बोटांनी सगळ्यांवर शिंपडलं तसं मशीनवरही शिंपडलं. थेंब नेमके उघड्या तारांवर गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नारळाची कवटी मी विहिरीत फेकली. मी म्हणाले की आमच्या घरी हे चालत नाही ते सोडा, पण तारांना तुमची भक्ती कळत नाही, पाणी कळतं. बराच वाद झाल्यावर ठरलं की पूजा काय करायची ती रेघेच्या बाहेर करा, मशीनला फूल नाही, कुंकू नाही, धागा नाही.

काकूंना हे पटलं नाही. त्यांच्याकडे दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा होते, आणि दसरा नसला तरी कामाची वस्तू त्या धाग्याशिवाय ठेवत नसत. विहिरीवरच्या मोटारीला लाल धागा, फवारणीच्या पंपाला धागा, मोटारसायकलच्या हँडलला, भाजीच्या तराजूला. वस्तू आपल्यावर उलटू नये म्हणून तिला बांधून ठेवायचं, असा त्याचा सरळ अर्थ होता. त्या मळ्यात धागा न बांधलेली मी एकटीच असेन.

हिवाळा संपत आला तेव्हा प्रोग्राम तयार झाला. रिमोटला हात न लावता मशीन स्वतः उठणार, रेघेच्या आत चौकोनी फेरी मारणार आणि उठलं तिथेच उतरणार. तसं उडवायच्या आदल्या संध्याकाळी मी टोपण काढून सगळं पाहिलं, आणि मशीन मळेवाल्याच्या घरी ठेवलं, कारण सकाळी तिथूनच उचलायचं होतं. सकाळी तो ते छातीशी धरून वावरात घेऊन आला. टोपण बसवलेलं होतं. मी विचारलं.

“पाह्यलं,” तो म्हणाला.

मी लॅपटॉप उघडला. काकू पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या, पण शहाण्यासारख्या रेघेबाहेर उभ्या राहिल्या. मला बरं वाटलं. मळेवाला त्यांच्या शेजारी उभा होता. केनवडवाला ‘पंखा’ म्हणून ओरडला.

ते उठलं. कोणाच्या अंगठ्याशिवाय उठलं. पात्यांचा आवाज आधी फडफड आणि मग एकसारखा झाला, खालची माती उडून तोंडावर आली, आणि ते माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर जाऊन थांबलं. पहिल्या कोपऱ्यावर वळलं. दुसऱ्या कोपऱ्यावर वळलं. मी आनंदाने केनवडवाल्याच्या दंडावर बुक्की मारली. तिसऱ्या कोपऱ्याकडे जाताना ते एकदम एका कुशीवर कललं. तिथे त्याने सरळ व्हायला हवं होतं. ते झालं नाही. तसंच कललेलं, तिरपं, ते रेघेच्या बाहेर सुटलं आणि काकूंवर गेलं.

केनवडवाल्याने रिमोटवरून मोटार बंद केली. ती त्याने लगेच बंद केली, हे मी कोणासमोरही सांगेन. पण फिरणारी पाती मोटार बंद केली म्हणून थांबत नाहीत. एक पातं आधी बांधावर लागलं आणि तुटलं. उरलेलं खोड फिरत राहिलं. काकू हलल्याच नाहीत, ताट धरून उभ्या राहिल्या. मळेवाल्याने त्यांना खांद्याने मागे लोटलं आणि उजवा हात पुढे केला, अंगावर आलेला बैल अडवावा तसा.

त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. ऊस तोडताना येतो तसा होता, एवढंच. ताट उपडं झालं. कुंकू मातीत पडलं आणि त्याच्यावर रक्त, आणि थोड्याच वेळात कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळेना. मळेवाल्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागेवर नव्हतं. तळहात मधून उघडला होता.  तो हाताकडे बघून म्हणाला की आईला लागलं का पाहा.

काकूंनी लुगड्याचा पदर फाडून त्याच्या मनगटावर करकचून आवळला.  वाशिमच्या दवाखान्यात नुसते तात्पुरते टाके घातले आणि अकोल्याला न्यायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये काकू आणि त्याचे वडील बसले. आम्ही दोघं वावरातच राहिलो.

केनवडवाल्याने मोडकं मशीन लाथेने उडवलं. मग तो माझ्याकडे वळला. माझा लॅपटॉप बांधावर उघडाच होता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि बांधाच्या दगडावर आपटला, एकदा, पुन्हा, पुन्हा, काचा त्याच्या पायावर पडेपर्यंत. “तुयाच प्रोग्रामनं कापलं त्याले,” तो म्हणाला. मी त्याच्या छातीवर डोकं हाणलं. आम्ही मातीत लोळलो, मी त्याच्या हाताचा चावा घेतला, त्याने माझे केस धरले. आम्हाला सोडवायला मधे येणारा अकोल्याच्या वाटेवर होता. दमलो तेव्हा वेगळे झालो, आणि तसेच रक्ताच्या कपड्यांनी एसटीने अकोल्याला गेलो. 

दवाखान्याच्या व्हरांड्यात काकू जमिनीवर बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. मला वाटलं रडतील. त्यांनी माझी वेणी धरली आणि मला भिंतीवर आपटलं. मग थोबाडीत दिली, उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. त्याचे वडील धावले, पण त्यांनाही त्यांनी कोपराने मागे सारलं.

“माया लेकराचा हात खाल्ला तुनं. मशीनले देवाचं नाव नको, धागा नको, सारं तुयाच मनानं. आता जोड त्याचे बोटं.”

माझा हात वर गेला होता. कोणी मारलं तर परत मारायचं ही माझी सवय, आणि समोर कोण आहे हे हाताला दिसत नाही. केनवडवाल्याने मागून तो हात पकडला म्हणून राहिला. मी सुटून जिन्याने खाली गेले आणि पायरीवर बसून आधी हुंदके दिले, मग शिव्या दिल्या, मशीनला, सरांना, स्वतःला. मला खरंच वाटत होतं की प्रोग्राममध्येच चूक आहे. कुठे आहे हे शोधायला लॅपटॉपही नव्हता.

डॉक्टरांनी दोन बोटं जोडता येणार नाहीत म्हणून सांगितलं. बाकीच्या बोटांच्या शिरा शिवल्या. ती वाकतील का, हे टाके सुटल्यावर कळणार होतं. नाही वाकली तर उजवा हात म्हणजे नुसती फळी. पातं बोटावर तोलणारा तो हात. रोज मला झोपेतून उठल्यावर आधी तो हात आठवायचा आणि मग आपण कोण आहोत ते.

मोडकं मशीन वावरातच पडलं होतं. ते आणायला मी गेले तेव्हा केनवडवाला आधीच तिथे होता, पोत्यात तुकडे भरत. त्याच्या हातावर माझ्या दातांचे व्रण होते. त्याने माफी मागितली नाही, मीही नाही. पोतं दोन बाजूंनी उचललं आणि वर्कशॉपला आणलं.

मशीन उघडलं आम्ही, कारण दुसरं काय करणार होतो. पंख्याच्या दांड्याभोवती खाली एक तबकडी असते. ती ज्या बाजूला तिरपी होते त्या बाजूला हेलिकॉप्टर झुकतं. प्रोग्राम काय किंवा माणसाचा अंगठा काय, शेवटी त्या तबकडीलाच हलवतो. आमची तबकडी एका कुशीला अडकून बसली होती. बोटाने हलेना. केनवडवाल्याने पक्कड घातली तर काहीतरी ताणलं गेलं. मी चिमट्याने ओढलं. लाल धागा निघाला. टोक सुटून आधी दांड्याभोवती आणि मग तबकडीच्या कांडीभोवती गुंडाळला गेलेला, घासून काळा पडलेला, पण लाल. गाठ टोपणाखाली, वरून दिसणार नाही अशा ठिकाणी, व्यवस्थित दुहेरी मारलेली होती.

केनवडवाला टेबलाला टेकून खाली बसला. प्रोग्राम बरोबर होता. मशीनने सरळ व्हायचा प्रयत्न केला होता, सारखा केला होता, आणि धाग्याने त्याला होऊ दिलं नव्हतं. मला आनंद झाला हे मी लपवणार नाही. अंगातून ओझं उतरलं, आणि त्याच्या जागी राग आला, असा की मी तो धागा मुठीत घेऊन तशीच बसस्टँडवर गेले. आता त्या व्हरांड्यात जाऊन काकूंच्या तोंडावर हा धागा मारायचा, सगळ्यांसमोर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. केनवडवाला मागून पळत आला आणि शेजारी बसला. त्याने मला अडवलं नाही.

काकू जेवण आणायला खाली गेल्या होत्या. मळेवाला खाटेवर होता, हात पांढऱ्या बोचक्यासारखा उशीवर ठेवलेला. मी मूठ उघडली. त्याने धाग्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

“मले मालूम होतं,” तो म्हणाला.

त्या सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा आईने टोपण काढून धागा बांधला होता. तो आला तेव्हा ती गाठ मारत होती. त्याला नको म्हणता आलं असतं. पण ती म्हणाली की तुझ्या अंगावर हे उलटू नये म्हणून बांधते, आणि त्याने टोपण बसवलं. वावरात गेल्यावर हळूच कापू असं त्याला वाटलं होतं. पण ती ताट घेऊन मागेच आली. “तिच्या समोर कापवलं नाई मायाच्यानं,” तो म्हणाला. “आन् तुले सांगतलं असतं तर तू तिच्यासमोरच कापला असता.”

कापला असताच. आणि मी आजही म्हणते, तेच बरं झालं असतं.

मी म्हणाले की मी आत्ता खाली जाऊन तिला सांगते. तो उठून बसायला लागला, उजवा हात विसरून त्याच हातावर भार दिला, आणि वेदनेने त्याचा चेहरा काळा पडला. केनवडवाल्याने त्याला आडवं केलं.

“आईले नको सांगू,” तो म्हणाला. “तिनं मले वाचवाले बांधला तो. तिले कळलं त् ते विहीर जवळ करीन.”

“मंग तिचा मार मी खाऊ? जन्मभर?”

“खाय,” तो म्हणाला.

एवढंच. विनवणी नाही, हात जोडणं नाही, आणि जोडायला हातही नव्हता. मी त्याला शिव्या दिल्या. केनवडवाला खिडकीबाहेर बघत राहिला. जिन्यात काकूंच्या चपला वाजल्या तेव्हा मी धागा तोंडात टाकला, कारण पंजाबी ड्रेसला खिसा नव्हता आणि दुसरं काही सुचलं नाही. त्या दारात आल्या आणि मला पाहून म्हणाल्या की ही इथे कशाला आली, हिला बाहेर काढा. तोंडात ग्रीस आणि माती आणि रक्ताची चव घेऊन मी गप्प बाहेर गेले. गेटजवळ थुंकले.

कॉलेजात मी सांगितलं की प्रोग्राम चुकला. सरांसमोर, सगळ्या वर्गासमोर. सरांनी विचारलं की नेमकं काय चुकलं, तर मी म्हणाले की लॅपटॉप फुटला, आता कळायला मार्ग नाही. केनवडवाला शेजारी उभा राहून बुटाच्या टोकाने फरशी घासत होता. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं की पोरीला प्रोग्राम द्यायचाच कशाला. मी त्याच्याकडे गेले नाही. केनवडवाला गेला, आणि त्या मुलाचा दात पडला.

काकू मला वाशिमच्या बाजारात दिसायच्या. मी जवळून गेले तर भाजीवर पाणी मारता मारता ते माझ्या पायांवर मारायच्या, थुंकल्यासारखं. एकदा शेजारच्या बाईला मोठ्याने सांगितलं की माझ्या पोराचा हात कापणारी ही. बाजार वळून बघायला लागला. माझ्या घशापर्यंत धागा आला होता. मी कोथिंबिरीची जुडी उचलली, ठेवली, आणि चालू लागले. रागाच्या माणसाला गप्प बसणं काय असतं हे गप्प स्वभावाच्या माणसाला कधी कळणार नाही. घरी जाऊन मी वरवंटा भिंतीला मारला. आई म्हणाली काय झालं, मी म्हणाले पाल होती.

टाके निघाले. अंगठा वाकला. त्याच्या शेजारचं बोट वाकलं. मधलं अर्धं वाकलं आणि तिथेच राहिलं. मळेवाल्याने डाव्या हाताने लिहायला घेतलं, मग डाव्या हाताचं बोट आडवं करून त्यावर पातं ठेवायला लागला. पातं पडायचं. तो उचलायचा, पुन्हा ठेवायचा. ते बघत बसणं मला जमत नसे, मी पेचकस काढून कुठला तरी घट्टच असलेला स्क्रू पिळत राहायचे. पावसाळा गेला आणि एक दिवस पातं त्याच्या बोटावर राहिलं.

दुसरं मशीन आम्ही उभं केलं, प्रोग्राम मी कॉलेजच्या लॅपटॉपवर पुन्हा लिहिला. मळेवाला म्हणाला उडवायचं ते आमच्याच वावरात. मी नाही म्हणाले, केनवडवालाही नाही म्हणाला, पण तो ऐकेना. तिथे पडलो तर तिथेच उठायचं, असं काही तो म्हणाला नाही. वावर सपाट आहे, एवढंच म्हणाला.

फक्कीची रेघ मारली. मशीन मधे ठेवलं. या वेळी टोपण मी स्वतः काढलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं, बिनटोपणाचं उडवू म्हणून. मी लॅपटॉप उघडत होते तेवढ्यात विहिरीकडून काकू आल्या. हातात ताट. पहिल्या वेळी रेघेपाशी थांबल्या होत्या, या वेळी थांबल्या नाहीत. सरळ रेघ ओलांडून मशीनकडे निघाल्या. ताटात लाल धाग्याची गुंडी होती.

मळेवाला जागीच थिजला. केनवडवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी धावत आत गेले आणि त्यांच्या आणि मशीनच्या मधे उभी राहिले.

“सरक,” त्या म्हणाल्या. “मागच्या वेळेस गाठ ढिली राह्यली असन. या वेळेस मी चांगली पक्की बांधतो.”

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. नुसतं ओठ उघडायचा अवकाश होता. मागे मळेवाल्याचा श्वास ऐकू येत होता. मी बाही वर केली आणि उजवं मनगट पुढे धरलं.

“काकू, मशीनले नका बांधू. मशीन मी उडवून राह्यली. मले बांधा.”

 त्या मारतील असं मला वाटलं आणि मी तयार होते. मग त्यांनी ताट मातीत ठेवलं, धाग्याचे वेढे माझ्या मनगटाला घातले आणि गाठ अशी आवळली की बोटांची टोकं निळी पडली.

“याले आता काई झालं,” त्या हळू म्हणाल्या, “त् हाच हात तोडीन तुया.”

मी मान हलवून ‘हाव’ म्हणाले. त्या ताट उचलून रेघेबाहेर गेल्या, आणि मागच्या वेळेपेक्षा लांब, विहिरीच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या.

मी लॅपटॉपजवळ आले. बोटं बधिर झाली होती, बटणं नीट दाबली जात नव्हती. मळेवाला शेजारी येऊन बसला. त्याने हत्यारांच्या पेटीतून कात्री काढली, डाव्या हातात धरली, आणि उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी माझ्या मनगटावरची गाठ उचलून धरायला लागला.

मी त्याचा हात झटकला. “राहू दे,” म्हणाले. “आई पाहून राह्यली.”

धाग्याची लोंबती टोकं मी बाहीत खोचली. केनवडवाला ‘पंखा’ म्हणून ओरडला.